ऊसतोडीचा प्रोग्रॅम, अल्गोरिदम आणि सरकारी अनुदानाचा अर्ज

कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही अंगांना साखर कारखाने आहेत. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, सांगलीचा वसंतदादा. यातला प्रत्येक कारखाना हंगामभर रोज एकच प्रश्न नव्यानं सोडवत असतो. कुठला प्लॉट, कुठल्या दिवशी, कुठल्या टोळीनं तोडायचा आणि तो ऊस कुठल्या वाहनातून गव्हाणीवर आणायचा? ऊसतोडीचा प्रोग्रॅम म्हणतात तो हाच. शेतकी ऑफिस हे लागणीच्या नोंदींवर आणि अनुभवावर निभावून नेतं. गणितात याला कॉम्बिनेटोरियल ऑप्टिमायझेशन, म्हणजे असंख्य शक्य जुळण्यांतून सर्वांत चांगली शोधणं, असं म्हणतात, आणि त्यातलाही हा अवघड प्रकार आहे. सांगलीचं वालचंद (१९४७) आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) याच पट्ट्यात आहेत. प्रश्न आणि माणसं दोन्ही जवळ असूनही संशोधनाचा अर्ज बहुतेक वेळा कुठल्या तरी प्राण्याच्या नावाचा ‘नवा संकरित अल्गोरिदम’ घेऊन जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा कामावर सरकारी पैसा खर्च झाला तर मागे दोन गोष्टी उरल्या पाहिजेत. एक, दुसऱ्या कुणालाही वापरता येईल असा स्वच्छ डेटा. दोन, ‘खर्च याच्या खाली जाऊच शकत नाही’ हे सिद्ध करणारी खालची मर्यादा. नवं नाव उरलं नाही तरी काही बिघडत नाही.

आधी प्राण्यांच्या नावांच्या अल्गोरिदमांचं बघू. ग्रे वुल्फ २०१४ चा, व्हेल २०१६ चा. त्यानंतर याच धर्तीवर किती निघाले याची मोजदाद अवघड. केनेथ सोरेन्सन यांनी २०१५ मध्ये या रूपकबाजीवर सविस्तर टीका केली. त्याआधी २०१० मध्ये डेनिस वेलँड यांनी दाखवलं होतं की हार्मनी सर्च हा संगीताचं रूपक घेतलेला अल्गोरिदम म्हणजे इव्होल्यूशन स्ट्रॅटेजी या जुन्या पद्धतीचाच एक विशेष प्रकार आहे, त्यात नवं काही नाही. ग्रे वुल्फबद्दल २०१९ मध्ये दाखवलं गेलं की ज्या चाचणी-फलनांचं (अल्गोरिदम तपासायच्या तयार गणिती प्रश्नांचं) उत्तम उत्तर शून्यावर असतं तिथं तो झपाट्यानं पोहोचतो, आणि तेच उत्तर बाजूला सरकवलं की त्याचा जोर ओसरतो. आपल्या प्रश्नाला तर आणखी एक अडचण आहे. हे बहुतेक अल्गोरिदम सलग, म्हणजे दशांशातही चालणाऱ्या संख्यांसाठी रचलेले असतात, आणि प्लॉट-टोळीची निवड हो-नाहीची असते. दशांशात आलेलं उत्तर जवळच्या पूर्णांकात बदलून हो-नाहीत बसवलं की ‘जवळचा पर्याय’ या कल्पनेचाच अर्थ जातो. दोन प्लॉटांची अदलाबदल किंवा एक प्लॉट उद्यावर ढकलणं असल्या साध्या चालींचा लोकल सर्च इथं जास्त कामाचा ठरतो.

आता खालची मर्यादा. समजा दिवसाला ५,००० टन गाळपाचा कारखाना आहे आणि तुमच्या पद्धतीनं एका दिवसाची वाहतूक १,०८,००० टन-किलोमीटर आली. हे चांगलं की वाईट? ‘जुन्या पद्धतीपेक्षा १२ टक्के सुधारणा’ एवढंच लिहिलं तर परीक्षकाला काहीच कळत नाही, कारण जुनी पद्धत मुद्दाम ढिली ठेवता येते. हो-नाहीची अट सैल करून म्हणजे ०.४ सारखं अपूर्णांकी उत्तरही चालेल असं धरून, तोच प्रश्न लिनिअर प्रोग्रॅम म्हणून सोडवा. समजा १,०२,००० आले. म्हणजे जगातला कुठलाही अल्गोरिदम याच्या खाली जाणार नाही, आणि तुमच्या उत्तरात सुधारायला फार तर ६,००० ची जागा आहे. हे एक वाक्य अर्जातल्या चार पानी साहित्य-आढाव्यापेक्षा वजनदार आहे. मात्र टक्केवारी लिहिताना भागाकार कशानं केला ते सांगा. असे प्रश्न सोडवणाऱ्या तयार सॉफ्टवेअरला सॉल्व्हर म्हणतात; गुरोबी आणि एससीआयपी हे त्यातले दोन. गुरोबी हा फरक मिळालेल्या उत्तरानं भागतो, म्हणून ५.५६ टक्के दाखवेल. एससीआयपी दोहोंतल्या लहान संख्येनं भागतो, तिथं तोच फरक ५.८८ होतो. दोन सॉल्व्हरांचे आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवणाऱ्यांचा घोळ इथंच होतो.

सॉल्व्हरच्या लायसन्ससाठी पैसे मागू नका. हायजीएस एमआयटी लायसन्सखाली मोफत आहे, एससीआयपी २०२२ च्या अखेरीपासून अपाची लायसन्सखाली आला, गूगलचं ओआर-टूल्सही खुलं आहे, आणि गुरोबी शैक्षणिक वापराला फुकट मिळतं. यामागचा इतिहास अनुदानाच्या चर्चेत उपयोगी पडतो. जॉर्ज डँटझिग यांनी लिनिअर प्रोग्रॅम सोडवणारी सिंप्लेक्स पद्धत १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या कामातून काढली आणि ती सगळ्यांची झाली. नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्याच कामासाठी अंतर्बिंदू पद्धत मांडली. तिचं पेटंट १९८८ मध्ये कंपनीला मिळालं आणि त्यावर उभी केलेली कोरबेक्स नावाची यंत्रणा ८९ लाख डॉलरना विकायला काढली गेली. करमरकरांची कल्पना टिकली, ती इतरांनी तिच्या खुल्या आवृत्त्या लिहिल्या म्हणून. एससीआयपी बर्लिनच्या झूस इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सार्वजनिक पैशावर वाढला. आज तो सांगलीतला विद्यार्थी लॅपटॉपवर फुकट चालवतो. आपल्या अर्जाचाही शेवट असा काहीसा असावा.

प्रश्नाचा आकार आधी कागदावर मोजा. १२,००० प्लॉट, १५० दिवस, ३०० टोळ्या धरल्या तर हो-नाहीचे चल, म्हणजे ठरवायचे स्वतंत्र निर्णय, ५४ कोटी होतात. हे कुठल्याही यंत्रावर सुटणार नाही, आणि म्हणून मोठा सर्व्हर मागण्यातही अर्थ नाही. प्रश्न तोडावा लागतो. वरच्या पातळीवर पूर्ण हंगाम घ्या, पण प्लॉटवार नको. गट ऑफिस (कारखान्याची विभागवार कचेरी), जात आणि लागणीचा महिना यांचे ढीग करा: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. को ८६०३२ आणि उशिरा पक्व होणारा, पाडेगावच्या संशोधन केंद्राचा को-एम ०२६५ या दोन जाती एकाच ढिगात टाकल्या तर उताऱ्याचं, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याचं, सगळं गणित चुकतं. खालच्या पातळीवर फक्त येत्या ७ दिवसांत तोडीला येऊ शकणारे प्लॉट घ्या. असे ९०० प्लॉट २० गट ऑफिसांत वाटले तर एका गटात ४५ प्लॉट, १५ टोळ्या आणि ७ दिवस, म्हणजे ४,७२५ चल. साध्या डेस्कटॉपला हे झेपतं. गट एकमेकांना जोडले जातात ते रोजच्या गाळपक्षमतेनं आणि वाहनांनी. ती जोडणी लॅग्रांज किमतीनं, म्हणजे अट मोडल्यास दंड आकारून, सैल करता येते आणि खालची मर्यादाही त्यातूनच मिळते.

सात दिवसांच्या खिडकीची एक खोड आहे. मॉडेल लांबचे, छोटे, ओलाव्यातले प्लॉट आठव्या दिवसावर ढकलतं, कारण आठवा दिवस त्याला दिसतच नाही. रोज असंच केलं तर ते प्लॉट मार्चपर्यंत उभे राहतात. त्यावर उपाय म्हणजे सात दिवसांचं सोडवायचं पण पहिले दोनच दिवस पक्के करायचे, आणि उरलेल्या प्लॉटांवर थांबण्याचा दंड लावायचा. त्याबरोबर एक कडक अटही हवी: नोंदीच्या पाळीपेक्षा ठरावीक दिवसांहून जास्त उशीर कुणालाच नाही. ती अट नसेल तर मॉडेल दहा गुंठेवाल्याला नेहमी शेवटी टाकतं. त्याचा ऊस कमी, टोळी हलवायचा खर्च मात्र तेवढाच. गणिताच्या हिशेबानं ते बरोबर असतं, आणि सहकारी कारखान्याच्या सभेत ते पाच मिनिटंही टिकणार नाही.

मॉडेलमधली सगळ्यांत फसवी चूक ‘बिग-एम’ची, म्हणजे हो-नाहीच्या अटीत टाकायच्या मोठ्या संख्येची. ‘वाहन पाठवलं तरच त्यात ऊस’ ही अट लिहिताना एम म्हणून सवयीनं १०,००,००० टाकतात. गुरोबी मूळ सेटिंगमध्ये ०.००००१ एवढा फरक शून्यच समजतो. दहा लाख गुणिले ०.००००१ म्हणजे १० टन. न पाठवलेल्या ट्रॉलीतून दहा टन ऊस फुकटात कारखान्यावर येतो आणि उत्तर वैध म्हणून छापलं जातं. एससीआयपी आणि हायजीएसची सहनशीलता ०.०००००१ आहे, तिथं टनभर ऊस असा हवेतून येईल. एम म्हणजे त्या वाहनाची खरी क्षमता ठेवा, १६ तर १६. खालची मर्यादाही त्यानं घट्ट होते. दुसरी चूक सारख्या वाहनांची. सत्तर एकसारखे ट्रॅक्टर सत्तर वेगळ्या चलांनी दाखवले तर सॉल्व्हर त्यांची अदलाबदल करून तीच उत्तरं पुन्हा पुन्हा तपासत बसतो. एका जातीची किती वाहनं कुठं, एवढी पूर्णांक संख्या पुरते. बैलगाडी मात्र वेगळीच धरावी. तिचा पल्ला कमी, भार कमी, आणि तिला ट्रॅक्टरच्या रांगेत धरलं की दोन्हीकडचं गणित बिघडतं.

केन यार्डातल्या, म्हणजे कारखान्याच्या आवारात ऊसगाड्या थांबतात त्या तळावरच्या, रांगेबद्दल बाहेरच्या माणसाचा हमखास गैरसमज होतो. तो लिहितो, ‘उद्दिष्ट: थांबण्याची वेळ शून्य करणे’. ५,००० टनांचा कारखाना तासाला २०८ टन खातो. वाहनात १६ टन धरले तर तासाला १३ वाहनं रिकामी झाली पाहिजेत, रात्रीसुद्धा. हाताची तोड दिवसा चालते. रात्रीचे दहा तास फडातून काही येणार नाही असं धरलं तर संध्याकाळी यार्डात सुमारे १३० भरलेली वाहनं उभी असायलाच हवीत, नाहीतर पहाटे ‘नो केन’ होऊन मिल थांबते. रांग हा साठा आहे. कमी करायची ती दुपारची अनावश्यक रांग, आणि त्यातही कुणाचा ऊस किती शिळा होतो ते बघायचं. तोडलेल्या उसातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, जिवाणूंमुळे डेक्स्ट्रान वाढतं, रस चिकट होतो, वजनही उतरतं. चोवीस तासांच्या आत गाळप हा जुना नियम म्हणूनच आहे. मॉडेलमध्ये हा दंड एका सरळ रेषेनं दाखवू नका. १२, २४, ३६ तासांना वेगवेगळा चढ देणाऱ्या तुकड्यांनी दाखवा, आणि मार्च-एप्रिलचे तुकडे डिसेंबरपेक्षा तीव्र ठेवा.

डेटा हा या कामाचा खरा खर्च. काट्यावरची नोंद सगळ्या कारखान्यांकडे असते, पण भरलेल्या गाडीचं वजन होतं ती वेळ म्हणजे गाडी पोहोचल्याची वेळ नव्हे. ती त्याआधी यार्डात किती तास उभी होती हे फाटकावरच्या नंबराच्या वेळेवरून कळतं. ती वेळ साठवली जाते का, हा कारखान्याला विचारायचा पहिला प्रश्न. उत्तर ‘नाही’ आलं तर एका हंगामासाठी ती नोंदवायची सोय हाच प्रकल्पाचा पहिला टप्पा होतो. तारखेचंही तपासा. कारखान्याचा दिवस पाळीप्रमाणे बदलतो, मध्यरात्री नाही, त्यामुळे कॅलेंडरप्रमाणे बेरीज केली की रोजचं गाळप जुळत नाही. नोंदवलेलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष आलेला ऊस यांत तफावत असतेच. सरासरी उत्पादनाचा एकच आकडा सगळ्यांना लावण्यापेक्षा मागच्या हंगामातली तफावतच मॉडेलमध्ये अनिश्चितता म्हणून घाला.

अंतर सरळ रेषेत मोजू नका. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा यांच्या मध्ये शेतं आहेत, आणि पलीकडच्या काठावर दोन किलोमीटरवर दिसणारा प्लॉट पुलावरून बराच लांब पडतो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले रस्ते आणि ओएसआरएम हे मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर वापरून रस्त्याची अंतरं फुकट काढता येतात, पण भरलेली जोड ट्रॉली ज्या पाणंदीतून जात नाही ती नकाशात रस्ता म्हणूनच दिसते. हे गट ऑफिसच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला, माहीत असतं. त्याच्यासोबत फिरायचा प्रवासखर्च अर्जात धरा. सॉल्व्हरला ‘वाया’ वाटणाऱ्या बऱ्याच खेपांना तो कारण देतो: शेताला पाणी दिलेलं असतं, ऊस जळालेला असतो, किंवा पुराच्या पाण्यात राहिलेला ऊस आधी न्यायचा ठरलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतरच्या हंगामाचा डेटा म्हणूनच नेहमीचा हंगाम म्हणून वापरू नये. तो वेगळ्या चाचणीसाठी उत्तम आहे.

तुलना कशाशी करायची हेही यातूनच ठरतं. मागच्या हंगामात प्रत्यक्ष राबवलेला प्रोग्रॅम दिवसावार पुन्हा चालवा आणि त्याच दिवशी जेवढी माहिती शेतकी ऑफिसला होती तेवढीच अल्गोरिदमला द्या. पुढचं वजन आधीच ठाऊक असलेला अल्गोरिदम जिंकणारच. दोन हंगामांवर पॅरामीटर बसवा, तिसऱ्यावर तपासा. यादृच्छिक पद्धत असेल तर प्रत्येक उदाहरणावर किमान ३० वेळा चालवून मध्यक आणि सर्वांत वाईट उत्तर दोन्ही द्या. फक्त सर्वोत्तम उत्तर छापणं म्हणजे तीस सोडतींतली एक दाखवणं. सॉल्व्हरही बियाणं-क्रमांक (यादृच्छिक निवडींची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलला की कमी-जास्त वेळ घेतो, म्हणून तोही पाच-सहा वेगवेगळ्या क्रमांकांनी चालवा.

फायद्याचा आकडा लिहिताना हात राखून लिहा. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३,५५० रुपये आहे आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे वाढतात. पाच लाख टनांवर ०.१ टक्का म्हणजे १ कोटी ७३ लाख. आकडा मोहात पाडणारा आहे. पण उतारा जातीवर, पावसावर, थंडीवर हलतो, आणि एका हंगामात त्यातला प्रोग्रॅमचा वाटा वेगळा काढणं जवळजवळ अशक्य. वाहतुकीचं अंतर आणि तोड-ते-गाळप तास हे दोन आकडे मोजता येतात. वचन तेवढ्याचंच द्या.

पैसा कुठून मागायचा? संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा, म्हणजे एएनआरएफचा कायदा २०२३ चा, अंमल ५ फेब्रुवारी २०२४ पासून, आणि आधीचं सर्ब (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्यातच विलीन झालं. सर्बच्या काळात सुरू झालेल्या योजनांचा आकार बघून अर्ज बेतावा. मॅट्रिक्स ही गणिताची योजना, वर्षाला २ लाख आणि तीन वर्षं. त्यात संशोधक ठेवता येत नाही, पण मर्यादा सिद्ध करण्याचं सैद्धांतिक काम त्यात नीट बसतं. टेअरमध्ये महाविद्यालयातला शिक्षक मोठ्या संस्थेशी जोडून घेतो. वर्षाला ५ लाखांचं संशोधन अनुदान दोन्ही संस्थांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. राज्य विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठीच्या शुअरची मर्यादा तीन वर्षांना ३० लाख. ऊसतोडीसारख्या कामाला हाच आकार जुळतो. २०२५ च्या जुलैत मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) योजनेच्या बातम्यांनी बऱ्याच जणांचे डोळे दिपले, पण ती खासगी कंपन्यांना कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं भांडवल देण्यासाठी आहे, तीही तंत्रज्ञान टीआरएल ४, म्हणजे तयारीच्या मोजपट्टीवरची चौथी पायरी, गाठल्यावर. महाविद्यालयानं तिच्यामागं लागू नये.

तीस लाखांची विभागणी करून बघू. संशोधक सहायकाला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी ४२,००० धरले तर तीन वर्षांचे १३,९२,००० होतात. घरभाडं वेगळं. सांगली केंद्राच्या घरभाड्यासाठीच्या शहरांच्या यादीत वाय वर्गात आहे, सातारा-कराड झेड वर्गात, आणि वायचा दर झेडच्या दुप्पट असतो. सध्याच्या २० टक्क्यांनी सांगलीत २,७८,४०० आणि १० टक्क्यांनी कराडात १,३९,२०० होतात. ही ओळ चुकली की तिसऱ्या वर्षी शेवटचे काही महिने पगाराला पैसे उरत नाहीत. उरलेल्यातून एक चांगला डेस्कटॉप, फाटकावरच्या वेळा नोंदवण्याची सोय आणि दोन हंगामांचा प्रवास. जीपीयू (महागडा ग्राफिक्स प्रोसेसर) मागितला तर परीक्षक थांबतो. सॉल्व्हर ज्या ब्रँच-अँड-बाउंड पद्धतीनं चालतात तिला त्याचा फारसा उपयोग नाही, त्यापेक्षा मेमरी वाढवा.

‘अपेक्षित फलित: एक पेटंट’ हेही लिहायची पद्धत पडली आहे. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(के) अल्गोरिदम, गणिती पद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाकारतं. त्याऐवजी लिहा: खुल्या लायसन्सखाली कोड, आणि शेतकऱ्याचं नाव, सर्व्हे नंबर काढून, प्लॉटची जागा थोडी हलवून प्रसिद्ध केलेले तीन हंगामांचे डेटासंच. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, शिवाय कुणाचा किती ऊस आहे हे गावात राजकारणाचंही असतं. कारखान्याशी करार करतानाच हे प्रसिद्धीचं कलम घाला. नंतर कुणी सही करत नाही. कोडमधून विकण्याजोगं उत्पादन काढायची कुणाची इच्छा असेल तर राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीच्या स्टार्टअप वीकमध्ये निवड झाल्यास कार्यादेश मिळतो, आणि केंद्राची २०२१ ची सीड फंड योजना इन्क्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदान देत होती. पण ती वाट कंपनीची आहे. संशोधनाच्या अर्जात ती मिसळू नये.

वेळापत्रकाचा पेच मात्र आपल्या भागाचा खास आहे. हंगाम नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलला संपतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला. मंजुरी जानेवारीत आली तर माणूस नेमेपर्यंत गाळप आटोपत आलेलं असतं, आणि लगेच विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआर १२-ए, भरायची वेळ येते. खर्च दिसत नाही म्हणून पुढचा हप्ता अडतो. म्हणून अर्जात ‘पहिलं वर्ष: प्रत्यक्ष चाचणी’ असं लिहूच नका. पहिले महिने जुन्या काटा-नोंदी साफ करणं आणि जुना हंगाम पुन्हा चालवून बघणं यासाठी ठेवा. ते पावसाळ्यातही होतं. पहिला चालू हंगाम फक्त सावलीत: मॉडेल रोज प्रोग्रॅम काढेल, पण चिठ्ठ्या शेतकी ऑफिस आपल्याच हिशेबानं देईल, आणि दोन्हींतला फरक नोंदवला जाईल. दुसऱ्या हंगामात एकाच गट ऑफिसात खऱ्या चिठ्ठ्या, तेही हंगामाच्या मध्यावर. सुरुवातीला टोळ्या पूर्ण पोहोचलेल्या नसतात आणि शेवटी त्या घरी परतायच्या घाईत असतात. टोळीची मजुरी टनावर असते, त्यामुळे मॉडेलनं तिला दिवसाआड गाव बदलायला लावलं तर मुकादम दुसऱ्याच दिवशी नकार देईल. एका टोळीच्या आठवड्यातल्या हालचालींवर मर्यादा घाला. खरेदी जेम या सरकारी ऑनलाइन बाजारातून लवकर उरका, डिसेंबरच्या आत. अनुदानावर बँकेत जमलेलं व्याज परत करावं लागतं, ते वर्षाच्या हिशेबात वेगळ्या ओळीत दाखवा. लेखापरीक्षकाची सही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, हे धरूनच कागद तयार ठेवा.